उजेड आणि एक्स्पोजर : नागपुरात नव्यानं कॅमेरा घेतलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठावर काही नवी मंडळी कॅमेरा घेऊन जमतात आणि मी त्यांना शिकवते. त्यांत कॉलेजातली मुलं असतात, नुकतेच निवृत्त झालेले काका असतात, मुलीनं वाढदिवसाला कॅमेरा दिला म्हणून आलेल्या एक काकूही होत्या. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. लोक ज्या क्रमानं अडखळतात, साधारण त्याच क्रमानं इथे उत्तरं लिहिली आहेत.

एक्स्पोजर म्हणजे नेमकं काय?

फोटो काढताना सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाला, मिळालेला उजेड. उन्हाळ्यात आपण गच्चीवर कुरडया वाळत घालतो. ऊन कडक असलं तर काम लवकर होतं, आभाळ आलं तर जास्त दिवस लागतात. कॅमेऱ्यातही याच दोन गोष्टी आहेत: उजेड किती जोरात येतोय आणि किती वेळ येतोय. जोर अ‍ॅपर्चर ठरवतं, म्हणजे लेन्सच्या आतलं लहानमोठं होणारं भोक. वेळ शटर ठरवतं, म्हणजे उजेडासाठी उघडून मिटणारा पडदा.

तिसरा आयएसओ. त्याची जात वेगळी आहे, कारण त्यानं आत येणारा उजेड वाढत नाही. आला तेवढ्याच उजेडाचा सिग्नल मोठा केला जातो, लाउडस्पीकरचा आवाज वाढवावा तसा. आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. फोटोत ती खरखर दाण्यांच्या रूपात दिसते. म्हणून आधी खरा उजेड मिळवायचा प्रयत्न करायचा, मग आयएसओला हात लावायचा.

अ‍ॅपर्चरचे आकडे उलटे का चालतात? एफ/२ मोठं आणि एफ/१६ लहान, हे कसं?

कारण तो भागाकार आहे. लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ म्हणजे भोक २५ मिमीचं, एफ/४ म्हणजे साडेबारा मिमीचं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पावपट होतं, म्हणून एफ/२ वरून एफ/४ वर गेलात तर उजेड चौथा हिस्सा उरतो. मधला टप्पा एफ/२.८. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ पाठ करून टाका. प्रत्येक पायरीवर उजेड निम्मा होतो.

सगळे 'स्टॉप' 'स्टॉप' म्हणतात, ते काय?

दुप्पट किंवा निम्मा उजेड म्हणजे एक स्टॉप. शटर १/१२५ सेकंदाचं १/२५० केलं की एक स्टॉप कमी. आयएसओ २०० चा ४०० केला की फोटो एक स्टॉप उजळ. एकीकडे घेतलेलं दुसरीकडे परत करता येतं. हिशेब एवढाच आहे.

मग तिन्हींपैकी आधी काय ठरवायचं?

समोर काय घडतंय त्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, म्हणजे इडापीडा घालवायला काढलेल्या मारबत आणि बडगे या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला गेलात तर गर्दीत सगळंच हलत असतं. बडगे नाचत असतात, लोक 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत असतात, तुम्हालाही धक्के बसत असतात. तिथे आधी शटर: १/५०० किंवा त्याहून जलद. बाकीच्या दोन गोष्टी त्याच्या मागे येतील.

त्याच संध्याकाळी तान्ह्या पोळ्याला एखादं पोरगं नटूनथटून, लाकडी बैल ओढत, सजावट बिघडेल म्हणून जपून पावलं टाकत येतं. तिथे आधी अ‍ॅपर्चर: एफ/२.८ किंवा एफ/४. भोक मोठं असलं की मागची गर्दी विरघळते, पोराचा चेहरा आणि बैलाची शिंगं उरतात. खिंडसीच्या पाण्यापलीकडचा रामटेकचा गड मात्र जवळच्या दगडापासून कळसापर्यंत स्पष्ट हवा, म्हणून भोक लहान: एफ/८ किंवा एफ/११.

नव्या माणसानं पहिल्याच दिवशी पूर्ण मॅन्युअलवर जावं, असं मला वाटत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर सहा महिने काढा. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेऱ्याला ठरवू द्या, आणि त्यानं काय ठरवलं ते प्रत्येक वेळी वाचा.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट माझ्या फोटोत मळकट करडा का येतो?

हा प्रश्न कुणी विचारला की मला आनंद होतो, कारण एक्स्पोजरचं खरं मर्म इथे आहे.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. घुमट पांढरा आहे म्हणून इतका उजेड येतोय, की काहीतरी राखाडी आहे आणि त्यावर झगझगीत ऊन पडलंय, हे त्याला वेगळं करता येत नाही. म्हणून त्याला एक ठरीव गृहीतक दिलेलं असतं: जग सरासरीनं मधल्या करड्या रंगाचं आहे. हा करडा म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत पाठवणारा. चौकटीत माणसं, झाडं, रस्ता, आभाळ असं सगळं मिसळलेलं असलं की गृहीतक बरोबर ठरतं. चौकट घुमटानं भरली की मीटर म्हणतो, 'फार उजेड झाला,' आणि ओढून करड्यावर आणतो.

काळ्या मारबतीच्या बाबतीत याच्या बरोबर उलट होतं. तिच्या चेहऱ्यानं चौकट भरली की मीटरला वाटतं, उजेड कमी आहे. तो फोटो उजळवतो आणि काळीभोर मारबत राखेच्या रंगाची दिसते.

उपाय कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्ह असलेल्या बटणात आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. घुमटाला +१ पासून सुरू करा, गरज वाटली तर +१.५. काळ्या मारबतीला −१. सुरुवातीला हे उफराटं वाटतं, कारण उजळ गोष्टीला आणखी उजेड द्यायला मन धजत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले होते तेव्हा माझंही मन धजलं नाही. पांढऱ्या साड्यांमधल्या आज्या, पांढरे सदरे, पांढरा घुमट. सगळा दिवस मी मीटरचं ऐकलं. घरी येऊन पाहिलं तर सगळे कपडे धुरकट, आणि सावळे चेहरे त्याहून काळवंडलेले. त्या चेहऱ्यांवरचा आनंद मला दिसला होता, फोटोत तो उतरला नाही. ते अजून मला लागतं.

सावळ्या माणसांचे फोटो काढणाऱ्या आपण सगळ्यांनीच हे नीट शिकायला हवं. पांढऱ्या कपड्यातल्या सावळ्या माणसाचा फोटो काढताना स्पॉट मीटरिंग (चौकटीतला छोटासा भागच मोजायची सोय) लावून चेहरा मोजा, आणि मग त्वचा डोळ्यांना दिसतेय तशी येईपर्यंत कमीजास्त करा. चेहरा 'गोरा' करायचा नाही. आहे तसा, तेजासकट दिसू द्यायचा.

मला डोळ्यांनी दोन्ही दिसतं, खिडकीबाहेरचं झाडही आणि खोलीतली आजीही. कॅमेऱ्याला एकच का दिसतं?

डोळा एका नजरेत सगळं बघत नाही. तो झाडावर जातो तेव्हा बाहुली आकसते, आजीकडे येतो तेव्हा रुंदावते, आणि मेंदू दोन्ही चित्रं शिवून देतो. कॅमेऱ्याला एकाच क्षणी एकच माप घ्यायचं असतं.

फरक किती असतो तो बघा. भर उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, रात्री दिवा लावलेल्या खोलीत शंभरच्या आसपास. हजारपट. म्हणजे दहा स्टॉप. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात चौकातून माजघरात पाऊल टाकल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, ते याचमुळे.

तेव्हा शटर दाबण्याआधी स्वतःला विचारायचं: या चौकटीत काय गेलं तर मला वाईट वाटेल? आजी महत्त्वाची असेल तर खिडकी पांढरी होऊ द्या. दोन्ही हवं असेल तर आजीला खिडकीच्या जवळ बसवा, तिच्या चेहऱ्यावर बाजूनं उजेड येईल अशी, म्हणजे दोन उजेडांतलं अंतरच कमी होईल. जागा बदलून जे होतं ते बटणांनी होत नाही.

भर उन्हात मीटरशिवाय एक्स्पोजर सांगता येतं का?

येतं. फिल्मच्या काळातला नियम आहे: स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ १०० असेल तर १/१००, किंवा जवळचं १/१२५. त्यातूनच बाकीच्या जोड्या निघतात: एफ/११ ला १/२००, एफ/८ ला १/४००, एफ/५.६ ला १/८००. सावल्यांच्या कडा मऊ झाल्या की एफ/११ वर या, पूर्ण ढगाळ असेल तर एफ/८ वर.

इथे एक गैरसमज फार आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला म्हणजे उजेडही तेवढाच वाढला, असं लोकांना वाटतं आणि ते फोटो मुद्दाम अंडर, म्हणजे गडद करतात. थर्मामीटर उजेड मोजत नाही. समोरून ऊन पडलेल्या माणसाचं एक्स्पोजर मे महिन्यात आणि जानेवारीतल्या स्वच्छ दुपारी जवळपास सारखंच येतं. बदलतं ते उन्हाचं वय आणि त्याची दिशा.

दुपारी फोटो काढूच नयेत का?

काढा, पण ऊन कुठून येतंय ते आधी बघा. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास. मे मधल्या त्या दिवशी बाराच्या थोडं पुढे सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच जिरते. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग, हनुवटीची खालची बाजू अशा वेळी काळी पडते. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य आभाळात अर्ध्यावरच, साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणून हिवाळ्यात नागपुरात दिवसभर फोटो काढता येतात, आणि उन्हाळ्यात दुपारी माणसाला सावलीत घ्यावं लागतं.

सावलीतही कुठे? सावलीच्या कडेला. ओसरीच्या आत एक हात, दुकानाच्या ताडपत्रीखाली, पण तोंड रस्त्याकडे. समोरच्या उन्हानं तापलेल्या जमिनीवरून उसळून आलेला उजेड चेहरा खालून भरतो. कमी पडला तर थर्माकोलची शीट किंवा पांढरा पुठ्ठा कुणाला तरी धरायला सांगा. मी कितीदा तरी पांढरी ओढणी वापरली आहे. कडुनिंबाखाली मात्र जपून: पानांतून पडणारे कवडसे जमिनीवर सुंदर दिसतात, चेहऱ्यावर डाग होतात.

आपल्या भाषेत उन्हाला किती शब्द आहेत ते आठवा. कोवळं ऊन, रणरणतं ऊन, उतरतं ऊन, तिरीप, कवडसा, कातरवेळ. हे शब्द ज्यांनी केले त्यांनी उजेड न्याहाळला होता. मी नव्या लोकांना वहीत सेटिंगच्या शेजारी ऊन कोणतं होतं तोही शब्द लिहायला सांगते. महिन्याभरात सेटिंग शब्दावरूनच आठवायला लागतं.

फुटाळ्यावर सूर्यास्त काढते, पण सूर्याचा नुसता पांढरा गोळा येतो.

मीटर पाण्याच्या आणि झाडांच्या अंधाराला घाबरतो आणि फोटो उजळवतो. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या बाजूच्या आभाळावर कॅमेरा धरा, एक्स्पोजर लॉक करा, मग हवी ती चौकट बांधा. किंवा सरळ −१ ने सुरू करा. काठावरची माणसं काळ्या आकृत्या होतील, त्या छान दिसतात. फक्त दोन माणसं एकमेकांवर येऊ देऊ नका, नाहीतर एकच गोळा दिसतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून टेलि (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सनं सूर्याकडे बघू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

दुसरी गोष्ट वेळेची. 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास, असं सगळे म्हणतात; युरोपात सूर्य तिरपा उतरतो आणि तो सोनेरी उजेड बराच वेळ टिकतो. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली जातो. नागपुरात खरा सोनेरी उजेड जेमतेम अर्धा तास मिळतो. जूनअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. तेव्हा हिवाळ्यात पाचला पोचून चहा घ्यायला थांबलात तर तिरीप हातची गेली. मात्र सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं आभाळ आणि काठावरचे दिवे एका पातळीवर येतात. कॅमेरा कट्ट्यावर टेकवा आणि शटर सावकाश करा.

पावसाळ्यात उजेडच नसतो. कॅमेरा ठेवून द्यावा?

अजिबात नाही. ढग म्हणजे आभाळाएवढा पांढरा पडदा. चेहऱ्यांसाठी, ओल्या पानांसाठी याहून चांगला उजेड नाही. आभाळ चौकटीत कमी घ्या, +०.७ द्या.

स्क्रीनवर फोटो चांगला दिसला होता, घरी काळा निघाला. असं का?

स्क्रीनचा उजेड आणि भोवतालचा उजेड तुम्हाला फसवतात. रात्री स्क्रीन झगमगते, दुपारी काहीच दिसत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, लावा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मधे बाकी सगळं. आलेखाचा ढीग उजव्या भिंतीला आदळला असेल तर तिथला तपशील जळला; तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाही. आदर्श आकार असा काही नसतो. घुमटाचा आलेख उजवीकडेच झुकणार आणि काळ्या मारबतीचा डावीकडे.

आयएसओ किती वाढवू? दाण्यांची भीती वाटते.

दाणे पुसता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही. हातात धरून काढताना शटर फोकल लेंग्थच्या उलट आकड्यापेक्षा हळू नको: २०० मिमीला निदान १/२००. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला पहाटेच्या सफारीत पहिला अर्धा तास बांबूंखाली काळोखच असतो. तिथे आयएसओ १०० चा हट्ट धरून १/३० ला काढलेला वाघ म्हणजे पिवळा पट्टा. ३२०० करा, ६४०० करा. अंधारात काढलेला फोटो घरी उजळवण्यापेक्षा तिथेच आयएसओ वाढवून नीट उजळ काढलेला चांगला.

लग्नाच्या हॉलमध्ये फोटोवर आडवे काळे पट्टे येतात.

कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. १/५० किंवा १/१०० वर या, आणि सायलेंट शटर चालू असेल तर बंद करा.

हळदीच्या खोलीत सगळं पिवळंच का येतं?

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा. पिवळ्या बल्बचा उजेड ३००० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साधारण ५५००. कॅमेऱ्यातलं रंग सावरणारं सेटिंग, व्हाइट बॅलन्स, बल्बच्या चिन्हावर न्या. पण हळदीला थोडा पिवळेपणा शोभतो, तो सगळा काढू नका.

कोजागिरीचा चंद्र पांढऱ्या बशीसारखा येतो.

चंद्रावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं, हे लक्षात घ्या. आभाळ रात्रीचं, चंद्र मात्र दिवसाचा. आयएसओ १००, एफ/११, शटर १/१२५ पासून सुरू करा. त्यावरचे डाग स्पष्ट दिसतील. दुधाचं पातेलं आणि चंद्र एका फोटोत हवे असतील तर चंद्र खूप वर चढण्याआधी, आभाळात अजून निळसर उजेड असताना काढा.

रॉ की जेपीईजी?

हे फोटो साठवण्याचे दोन प्रकार. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. चुकलेलं एक्स्पोजर सावरायला जागा तिथे आहे. शिकताना दोन्ही एकदम साठवा.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. किंवा भावाचा जुना कॅमेरा. चालेल?

चालेल. बहुतेक मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर बदलत नाही, पण एक्स्पोजर तुमच्या हातात असतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. शेजारचं सूर्याचं चिन्ह खालीवर सरकवा. घुमटाला वर, मारबतीला खाली. जुन्या कॅमेऱ्याचं म्हणाल, तर १९७५ मध्ये कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला डिजिटल कॅमेरा १०० बाय १०० पिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. तुमच्या भावाच्या कॅमेऱ्यात तुम्हाला लागणारं सगळं आहे.

सराव कसा करू? बाहेर जायला वेळ मिळत नाही.

एक संत्रं घ्या. पूर्वेच्या खिडकीत ठेवा. कॅमेरा मॅन्युअलवर, सकाळी आठला संत्र्याचा रंग बरोबर येईल असं एक्स्पोजर लावा आणि दिवसभर ते बदलू नका. दर तासाला त्याच जागेवरून एक फोटो काढा. आठला सालीवरची बारीक छिद्रं दिसतील, कारण ऊन बाजूनं येतंय. दुपारी तेच संत्रं सपाट आणि काळपट होईल. संध्याकाळी समोरच्या घराच्या भिंतीवर मावळतीचं ऊन पडलं, की तिथून उसळलेला उजेड खिडकीत येईल आणि संत्र्याची दुपारी काळपट झालेली बाजू पुन्हा हळूहळू दिसायला लागेल. ते सगळे फोटो ओळीनं लावून रविवारी घेऊन या. संत्रं खाल्लं तरी चालेल.